गाळाखालचं माहेर

मी आत्याचा हात धरून उभी होते आणि समोर काहीच नव्हतं.

चाळीस वर्षं मी मनात धरून होते की पाण्याखाली गाव आहे. मातीच्या भिंती विरघळल्या असतील, माळवदं बसली असतील, पण महादेवाच्या देवळाचा दगडी चौथरा असेल, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या असतील, आमच्या घराचं जोतं तरी असेल. यंदा उन्हाळ्यात धरण तळाला गेलं, जुन्या बोरदरीची जागा उघडी पडली, असा फोन आला तेव्हा मी हेच सगळं बघायला निघाले होते. आणि समोर होता गाळ. सपाट, राखी, उन्हानं तडकलेला, नजर जाईल तिथवर एकसारखा. त्यावर कुणीतरी कलिंगडाचे वेल लावले होते. वेलांच्या ओळी इतक्या सरळ होत्या की जणू इथं पहिल्यापासून शेतच होतं.

माणसाची मोठी जखम भरून आल्यावर कातडी जशी गुळगुळीत दिसते, तशी ती जमीन दिसत होती.

"कुठं हाय गं?" आत्यानं विचारलं. तिची नजर अधू झालेली. तिला वाटलं, मला दिसत असेल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय पंच्याहत्तरच्या पुढं. ती वसमतकडच्या सपाट रानात दिलेली, तिथंच तिचा संसार झाला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गेल्या पौषात गेले. तेव्हा आत्या नांदेडच्या दवाखान्यात होती, तिला मातीला येता आलं नाही. बरी झाल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली. "मला एकदा माहेर दाखव." मी हिंगोलीत शाळेत शिकवते. सुट्टी लागली, धरण आटल्याचं कळलं, आणि मी तिला जीपमध्ये घालून घेऊन आले. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. पिशवीत देवीसाठी नारळ, खण आणि घरची हळद होती.

कलिंगडवाला वेलांमधून चालत आमच्याकडं आला. तिशीतला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, दुसऱ्या तालुक्यातला. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरा करायला तो दरवर्षी येतो, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, "जुनं गाव कुठल्या अंगाला होतं?"

त्यानं आमच्याकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं.

"इथं गाव व्हतं?" तो म्हणाला.

*

आमच्या बोरदरीला नदीचा आवाज होता. सिद्धेश्वराच्या मोठ्या धरणाएवढं पाणी तुंबवायची तिची ऐपत नव्हती, बारकीच नदी, पण गावाजवळ तिच्या पात्रात काळे कातळ आडवे पसरले होते आणि त्यांच्यावरून पाणी रात्रंदिवस बोलत जायचं. पावसाळ्यात गडगडायचं, हिवाळ्यात पुटपुटायचं. उन्हाळ्यातसुद्धा एक बारीक धार दोन खडकांच्या मधून खळखळत राहायची. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही, इतका तो आमचा होता. परगावचा पाहुणा मात्र पहिल्या रात्री झोपायचा नाही. सकाळी डोळे चोळत विचारायचा, "तुमी झोपता कसं?"

दसऱ्यानंतर नदीत अंबाडी भिजत घालायचे. कापलेल्या अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात दाबून वर दगड ठेवायचे, आणि पंधरा दिवसांनी असा वास सुटायचा की आई नाकाला पदर लावून धुणं धुवायची. कुजक्या, आंबट, हिरव्या वासात आमची दिवाळी यायची. मग पुरुष कंबरभर पाण्यात उभे राहून त्या पेंढ्या झोडपायचे, पांढरे केसांसारखे धागे सुटे करायचे, आणि गल्लोगल्ली दोर वळले जायचे. आबा आणि गणपतकाका समोरासमोर बसायचे. एक पीळ द्यायचा, दुसरा ओढून धरायचा. गणपतकाका आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, शेजारी. दोघांच्या घरांच्या मध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा आरपार होता. आई त्यातून विरजण द्यायची, काकू त्यातून मिरच्या द्यायच्या.

पोळ्याला अख्खं गाव बैलांसकट नदीत असायचं. भोयांच्या जाळ्यात मरळ असायची, टोपलीत झिंगे टणटण उडायचे. काठावर जांभळांची रांग. जेठात आमच्या जिभा, हात, झगे, सगळं जांभळं. टेकडीच्या उतारावर बंजाऱ्यांचा तांडा होता. तांड्यातली शेवंती माझी मैत्रीण. तिच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या, ती उतार उतरून येताना दिसायच्या आधी ऐकू यायची. शेवंती शाळेत माझ्या शेजारी बसायची आणि मला सीताफळं आणून द्यायची. तिच्या वडलांची गुरं आमच्याच नदीवर पाणी प्यायची.

मी चौथीत असताना शाळेच्या पटांगणात सभा झाली.

जीपमधून साहेब आले. टेबलावर नकाशा पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर कुणीतरी नदीतले गोटे आणून ठेवले. मी आणि शेवंती शाळेच्या भिंतीवर पाय सोडून बसलो होतो. नकाशावर निळ्या पेन्सिलीनं एक मोठा डाग काढलेला होता. मी शेवंतीला विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "शाई सांडली असंल."

साहेब बोलले. खालच्या अंगाला किती गावं तहानलेली आहेत, कालवा कुठवर जाईल, किती रान भिजेल. मग एकेक जण बोलू लागला. गणपतकाका उठून म्हणाले, "आमचं रान देवाघरचं हाय. आमी न्हाई देणार." माना डोलल्या. आवाज वाढले. कुणीतरी नकाशावरचा एक गोटा उचलून फेकला.

तेव्हा आबा उठले. फार बोलणारा माणूस नव्हता तो. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, जशी मातीला गेल्यावर काढतात.

"माझी बहीण खाली दिली हाय," ते म्हणाले. "दीड कोस पाण्याला जाती. विहीर आटली की आत उतरून वाटीनं घागर भरती. पोटुशी असतानी उतरली. सातवा महिना. पायरीवरून पाय सटकला. लेकरू गेलं. सासरी सांगितलं, ताप आला म्हणून. मलाच तेवढं खरं सांगितलं तिनं." त्यांनी टोपीची घडी घातली. "आपल्या पायरीला पाणी लागून राहिलंय म्हणून आपल्याला हे समजत न्हाई. मी तर म्हणतो, देऊ."

पटांगणात कुणी काही बोललं नाही. त्या शांततेत नदी ऐकू येत होती. मला आयुष्यात पहिल्यांदा ती ऐकू आली.

*

धरणाची भिंत उठायला काही वर्षं गेली. नवं गाव माळावर आखलं. खडूनं फळ्यावर रेघा मारतात तशा सरळ गल्ल्या, सावलीला एक झाड नाही. ज्यांच्या नावावर कागद होता त्यांना तिथं जागा मिळाली. तांड्याच्या नावावर कागदच नव्हता. पिढ्यान् पिढ्या ती माणसं त्या उतारावर होती, पण कागदावर तो उतार मोकळा होता. तांडा तसाच टेकडीवर आणखी वर सरकला.

पाणी अडवायचं ते पुढच्या साली, यंदाची ज्वारी निघाल्यावर, असं सांगितलं होतं. म्हणून लोक निवांत होते. अर्ध्याजणांनी नव्या गावात नुसत्या भिंती उभ्या केल्या होत्या. आम्ही जुन्याच घरात होतो.

श्रावणातली सकाळ होती. मी जागी झाले तेव्हा आई अंथरुणात उठून बसली होती आणि कान देऊन ऐकत होती. आबा दारात उभे होते. गल्लीत माणसं बाहेर येत होती आणि एकमेकांकडं बघत होती. कुणाला काय झालंय ते कळत नव्हतं. काहीतरी नव्हतं. मग गणपतकाका म्हणाले, "नदी काहून गप हाय?"

आम्ही सगळे पळत काठावर गेलो. कातळ दिसत नव्हते. पाणी त्यांच्यावरून केव्हाच चढून गेलं होतं, म्हणून आवाज बंद झाला होता. आणि पाणी उलटं येत होतं. पूर आम्ही बघितले होते. पूर वरून येतो, ओरडत येतो, झाडं घेऊन येतो. हे खालून येत होतं, भिंतीकडून, मागं सरकत, काही न बोलता. एक पायरी चढायचं, थांबायचं, दुसरी पायरी चढायचं. त्याच्यावर सुकं गवत आणि गोवऱ्यांचे तुकडे तरंगत होते, आणि ते वरच्या दिशेनं चालले होते. मी बारा वर्षांची होते. अंगाला काटा आला तो आजही तसाच येतो. नदी आपल्या घरी परत येतेय, असं मला वाटलं, आणि तिला आम्ही तिथं नको आहोत.

दुपारपर्यंत मुंग्या आल्या. गल्लीच्या मधून काळ्या पट्ट्यासारख्या, तोंडात पांढरी अंडी. मग उंदीर, मग विंचू, मग साप. कुणी कुणाला चावत नव्हतं. सगळे टेकडीकडं चालले होते, आणि आम्हीही. आबा आणि गणपतकाकांनी मिळून दोन्ही घरांची दारं चौकटीसकट काढली आणि गाडीवर घातली. दार काढल्यावर आमच्या माजघरात ऊन पडलं. तिथं ऊन मी कधी बघितलंच नव्हतं. चुलीमागची काजळी, आईनं भिंतीवर पिवळ्या मातीनं काढलेली वेलबुट्टी, सगळं उघडं पडलं, कपडे काढलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं. मला लाज वाटली. मी पाठ फिरवली.

ज्वारी रानात उभी होती. गुडघाभर. पाण्यानं ती आधी हिरवीगार दाखवली, मग बुडवली.

गाड्या माळावर पोचल्या तेव्हा गणपतकाकांनी आपलं दार उतरवून घेतलं. आबा हात लावायला पुढं झाले. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे, नामा." तेवढंच. त्यानंतर ते आबांशी बोलले नाहीत. हळूहळू गल्लीही बोलायची थांबली. कुणी भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. आबा चावडीवर गेले की तिथलं बोलणं संपायचं. आईकडं हळदीकुंकवाला दोनच बायका यायच्या, मग एक, मग कुणी नाही.

काठावरची जांभळं पाण्यात उभ्या उभ्या मेली. दोन वर्षं त्यांचे पांढरे सांगाडे दिसायचे, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसायचे.

*

आणि तरी कालव्याचा तो दिवस मी विसरू शकत नाही.

आत्याच्या रानात पहिल्यांदा पाणी येणार म्हणून तिनं आबांना आणि मला बोलावून घेतलं. कोरड्या कालव्याच्या दोन्ही काठांवर माणसं उभी होती. बायका आरत्या घेऊन. लांबून आधी धूळ आली, मग वास आला. तापलेल्या मातीवर पाणी सरकतं तेव्हाचा तो वास. मग फेसाची एक तपकिरी जीभ कचरा ढकलत आली आणि बायकांनी एकदम ओरडा केला. आत्या रडत होती, हसत होती, तिच्या हातातलं निरांजन कलंडलं. तिच्या गावातल्या पोरी, ज्यांनी शाळेच्या वयात फक्त घागरी वाहिल्या होत्या, परकर खोचून पाण्यात उतरल्या आणि एकमेकींना ढकलू लागल्या.

मी काठावर बसले होते. पाण्यातून एक बारीक मासा वाहत आला, अंगावर काळा ठिपका असलेला. आमच्या नदीतला. मी त्याला ओळखलं.

आबांनी वहाणा काढल्या. पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत. ओंजळ भरली, तोंडावर मारली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले, हातांनी चेहरा झाकून. वर आले तेव्हा आत्यानं विचारलं, "कसं हाय, दादा?"

"गार हाय," आबा म्हणाले.

त्या रानात पुढं हळद आली. माघ-फाल्गुनात हळद शिजायला लागली की मैलभर वास यायचा, कढईची वाफ अंगाला पिवळी चिकटायची. आत्याच्या नाती शिकल्या. एक परिचारिका झाली. हेही खरं आहे. आणि कालव्याचं पाणी मिळतंय म्हणून लोक पिकाला देत राहिले, देत राहिले, तर खालच्या अंगाची जमीन चिबडली, मातीवर मिठासारखा पांढरा थर चढला आणि तिथं आता काही उगवत नाही, हेही खरं आहे. भिंतीखाली नदी उरली नाही, नुसती वाळू उरली, आणि मग वाळूही लोकांनी नेली. मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर मधोमध रेघ मारते. एका बाजूला फायदे लिहिते, एका बाजूला तोटे. पोरं वहीत उतरवून घेतात. एखादं पोरगं विचारतं, "मॅडम, मग बांधावं का न्हाई?" मी म्हणते, "दोन्ही बाजू लिहा."

*

कलिंगडवाल्यानं आम्हाला त्याचा खड्डा दाखवला. वेलांना पाणी घालायला त्यानं गाळात झिरा खणला होता. माझ्या उंचीपेक्षा हातभर जास्त खोल. आत थर दिसत होते, एकावर एक, पुस्तकाच्या पानांसारखे. आणि तळाशी, गढूळ पाण्यात, घडीव काळा दगड होता.

"खाली फावडं ह्याला लागलं," तो म्हणाला. "मग सोडून दिलं."

"तो नंदी हाय," मागून बाई बोलली.

मी वळले. डोक्यावर दोन हंडे, कमरेला एक. केस पांढरे झालेले. मी तिला ओळखायच्या आधी तिनं मला ओळखलं. शेवंती होती ती.

"धरण आटलं की मी बघून राहिले ना," हंडे न उतरवताच ती म्हणाली. "पह्यले चौथरा दिसायचा. मग चार-पाच सालानं नुसता नंदी. मग नंदीची पाठ. मग पाठबी गेली. गाळ येतच राह्यला वरून. डोंगरावरची झाडी गेली, मग काय राहतंय माती धरून?" तिनं हनुवटीनं खड्डा दाखवला. "तुमचं घर त्या बांधापलीकडं. तिथं आता टरबुजं चांगली येतात."

आत्या खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिनं पिशवीतली हळद काढली नाही. कुठं वाहायची ते तिला कळत नव्हतं.

"तू पाणी कुठं नेऊन राहिलीस?" तिनं विचारलं.

"तांड्यावर."

"वर? एवढं चढून? नळ न्हाई?"

"नळ हाय. पाणी न्हाई." शेवंती हसली. "पाणी दिसून राह्यलं ना रोज, दारातून. भरलेलं असतं तवा लई चांगलं दिसतं. पण ते वर चढत न्हाई, खाली जातंय. नामाकाकानं अर्ज केले लई. ही लिहायची," तिनं माझ्याकडं बोट केलं, "हिचं अक्षर चांगलं व्हतं. काका मरेपर्यंत अर्ज देत व्हते आमच्यासाठी." मग तिनं आत्याकडं नीट निरखून बघितलं. "तुमीच का काकाची बहीण? जिचं लेकरू विहिरीत गेलं, ती?"

आत्याचा हात माझ्या हातात होता. तो थंड झाला. मे महिन्याच्या त्या उन्हात, माझ्या तळव्यावर तो हात थंड होत गेला.

"तुला कुणी सांगितलं?" आत्या म्हणाली.

"काकानीच. सभेत. सगळ्या गावानं ऐकलं. तेच ऐकून तर लोक..." शेवंतीनं माझा चेहरा बघितला आणि ती थांबली.

मी काय करणार होते? आत्याला ते ठाऊक नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी समजत होते की आबांनी तिला सांगितलं असेल, नाहीतर कुणी तरी सांगितलं असेल. तिथं, त्या गाळावर उभं राहून, मला सगळं सांगावं लागलं. सभा, नकाशा, टोपी हातात घेतलेले आबा. गणपतकाका नाही म्हणत होते ते. आणि आबा बोलल्यावर कुणीच काही बोललं नाही ते.

आत्या खाली बसली. तडकलेल्या गाळावर, नव्या लुगड्यासकट.

"दादाला एकट्याला सांगितलं व्हतं मी," ती म्हणाली. "नवऱ्यालाबी न्हाई. एकट्या दादाला." गाळाची एक खपली उचलत म्हणाली, "मला इचारलं न्हाई त्यानं. मी न्हाई म्हटलं असतं का? काय माहीत. पण मला इचारलं न्हाई."

शेवंतीनं कमरेचा हंडा तिच्यापुढं ठेवला आणि ओंजळ कर म्हणाली. आत्यानं हंड्याकडं बघितलं, टेकडीकडं बघितलं, आणि मान हलवली. ते पाणी ती पिऊ शकली नाही.

मग तिनं विचारलं, "मातीला किती माणसं व्हती?"

मी तिला हेही सांगितलं नव्हतं. "थोडीच," मी म्हणाले. "गावातलं कुणी आलं नाही. तांड्यातली माणसं आली. त्यांनी खांदा दिला."

आत्या उठली. "मला गणपतकडं ने," ती म्हणाली.

*

नव्या गावातल्या गल्ल्या अजून सरळच आहेत. झाडं थोडी आलीत. गणपतकाकांचं घर आबांच्या घरापासून पन्नास पावलांवर. काका ओसरीवर बाजेवर बसले होते, बिनदातांचे, पायाला सूज आलेली. त्यांच्या घराला लोखंडी फाटक होतं, पण आतल्या खोलीला जुनंच सागाचं दार लावलेलं मी पाहिलं. ते दार मी ओळखत होते.

आत्या समोर उभी राहिली. "गणपत, मी नामाची बहीण. सुभद्रा."

काकांनी डोळे बारीक करून तिच्याकडं बघितलं. "बस," ते म्हणाले.

ती बसली नाही. "मला आज समजलं. सभेत दादा काय बोलला ते. माझ्यापायी गेलं तुमचं गाव. मला ठाऊक नव्हतं. तुमी सगळ्यांनी त्याला वाळीत टाकलं, तेबी ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडं यायचा अन् म्हणायचा, समदं ठीक हाय."

काकांनी बाजेच्या सुंभातून बोट फिरवलं. आता ते काय बोलतील, कसं बोलतील, मी तयार होते सगळ्याला. मी लहानपणापासून त्यांच्या रागाची वाट बघत आले होते.

"तुझ्यापायी न्हाई गेलं," काका म्हणाले. "त्याच्यापायीबी न्हाई. तो न्हाई म्हटला असता तरी धरण झालंच असतं. भिंतीची रेघ आधीच मारून ठेवली व्हती त्यांनी. ते मला तवाबी माहीत व्हतं."

"मग?" मी म्हणाले. "मग काका, चाळीस वर्षं?"

"तुझं लेकरू गेल्याचं ऐकलं," ते आत्याकडंच बघत होते, "अन् आमच्या तोंडातला शब्द गेला. त्याच्यानंतर कुणाला न्हाई म्हणता आलं न्हाई. मग पाणी आलं. बिगर सांगता आलं. ज्वारी उभी व्हती. राग कुणावर काढायचा? साहेबाची बदली झाली. सरकार कुठं बसतंय, आमाला काय ठाऊक. नामा दिसत व्हता. रोज दिसत व्हता, ह्या गल्लीतून जातानी. म्हणून त्याच्यावर."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मी आबांना संध्याकाळी एकटे ओट्यावर बसलेलं बघितलं होतं. दोर वळायला समोर कुणी नाही म्हणून दाराच्या कडीला अंबाडी अडकवून ते एकटे पीळ द्यायचे. मला वाटायचं, ही माणसं त्यांना गुन्हेगार मानतात. त्यांना ते गुन्हेगार वाटतच नव्हते. ते फक्त जवळ होते.

"त्याला हे काहून न्हाई सांगितलं?" आत्या म्हणाली. "पन्नास पावलं."

"उद्या सांगू म्हणलं. दर साली." काकांचे ओठ हलत राहिले. "पौषात तांड्याची माणसं त्याला घेऊन ह्याच दारावरून गेली. मी आत उभा व्हतो, त्या दाराआड. कडीवर हात व्हता माझा. काढली न्हाई."

काकांची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आमचे चेहरे बघून तशीच उंबऱ्यात थांबली. गल्लीतून एक मोटारसायकल गेली. धूळ ओसरीपर्यंत आली आणि खाली बसली.

आत्यानं पदर सावरला. मला वाटलं ती आता काकांना बोल लावेल. मला ते हवं होतं. ती बाजेपाशी गेली आणि वाकून, जवळजवळ त्यांच्या कानात म्हणाली,

"गणपत, लेकरू म्हणजे, पोरगी व्हती ती. हातपाय समदे आलेले व्हते. डोळे उघडले तिनं एकदा. दादानं हे सांगितलं का सभेत?"

काकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली.

"न्हाई," ते म्हणाले. "हे न्हाई सांगितलं त्यानं."

"न्हाई ना?" आत्या म्हणाली. तिनं सुनेच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्यानंच घोटघोट प्यायली. मग तोंड पुसलं.

"एवढं ठेवलं मग त्यानं माझं," ती म्हणाली.